लेकरूं कोणी सांभाळावें?



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आपल्या धर्मग्रामाच्या कीर्तीचें वर्णन इतर वक्ते करितीलच. आमच्या भगिनीमंडळानें मात्र एक अप्रिय विषय मुद्दाम मागून घेतला आहे. एका तरुण मातेची ही हकीकत आहे. ती कोण, हें आम्ही सांगणार नाहीं. आपणही मागें वळून पाहूं नये, अशी विनंती आहे.

इ. स. १९८० नंतरच्या दशकांत मुंबईंत ‘गर्द’ ऊर्फ ब्राउन शुगर पसरली, आणि तेव्हांपासून हें विष पुष्कळ घरांत शिरलें आहे. ह्या बाईच्या घरीं तें नवऱ्याच्या हातून आलें. बाळंतपणानंतर अंग दुखतें म्हणून तिनें एकदां धूर ओढला. पुढें तो न मिळाल्यास अंग मोडून येई, उलट्या होत, झोंप उडे. आणि आम्हीं काय केलें? कुजबुज केली, तिच्या हातचा चहा घेणेंही सोडलें.

उपचारांची सोय नव्हती, असें नाहीं. फादर जो परेरा यांनीं १९८१ सालीं वांद्रें येथें कृपा फाउंडेशन स्थापिलें. पुण्यास १९८६ पासून मुक्तांगण आहे. अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यांतील ६४-अ कलमान्वयें, जो व्यसनी स्वखुषीनें मान्य संस्थेंत उपचार घेऊन ते पुरे करितो, त्यास सेवनाबद्दलच्या खटल्यापासून संरक्षण मिळूं शकतें. तरी ही बाई जाईना. एके सायंकाळीं तिनें आमच्यांतील एकीस विचारलें, “मावशी, मी गेलें, तर माझें लेकरूं कोणापाशीं राहील? आणि परत आल्यावर मला तें देतील का?”

आमच्याजवळ उत्तर नव्हतें. दुसऱ्या दिवशीं सात जणींनीं सात वार वांटून घेतले. दहा महिन्यांचें तें मूल पहिल्या रात्रीं एवढें रडलें, कीं दोघींनीं मंडळाचा राजीनामा देण्याची भाषा केली!

शरीराची तडफड आठ-दहा दिवसांत ओसरते. मनाची ओढ महिनोन्‌महिने राहते. तीन महिन्यांनीं ती पुन्हां घसरली. डॉक्टरांनीं आम्हांस बजावलें, कीं मध्यंतरीं शरीराची सवय मोडलेली असते; पूर्वींचीच मात्रा आतां प्राण घेऊं शकते, म्हणून अशा वेळीं तिला एकटी सोडूं नये. आम्ही रागावलों; पण ह्या खेपेस दार लाविलें नाहीं. ती पुनः उपचारास गेली.

त्या गोष्टीस चार वर्षें झालीं. मूल शाळेंत जातें, आणि सात आज्यांपैकीं खाऊ कोण अधिक देते, हें त्यास पक्कें ठाऊक आहे.

सध्यां दुसऱ्या एका मातेचें बाळ आमच्याकडे आहे. मंगळवारची पाळी अद्याप रिकामी आहे.