पर्याय क्रमांक एक



मला सांगितलं होतं, 'तुझ्या कामाविषयी बोल.' सॉफ्टवेअरविषयी बोलले तर तुम्ही पंगतीकडे बघायला लागाल. म्हणून एका मुलीविषयी बोलते. आपल्याच बॅचमधल्या एकीची लेक. आई समोरच बसली आहे. नाव न घेण्याच्या अटीवर परवानगी मिळाली आहे.

ती बारावीत असताना डिसेंबरात मैत्रिणीचा फोन आला, "तू इंजिनिअर ना, हिचं जरा बघ." १९९८ साली आपल्याला बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सच्या गुणांवर प्रवेश मिळायचा. आता सीईटी, पर्सेंटाइल, कॅपच्या फेऱ्या. आधी मलाच शिकावं लागलं. मुलगी हुशार, पण सराव पेपरात १४ प्रश्न कोरे! का गं? "चुकलं तर मार्क कापतात ना, मावशी." ही जेईईची सवय. सीईटीत चुकलं तरी काही कापत नाहीत, आणि गणिताचा प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा. शिवाय पहिली ९० मिनिटं फिजिक्स-केमिस्ट्रीची, पुढची ९० गणिताची. एकाची उरलेली वेळ दुसऱ्याला देता येत नाही. मग दर रविवारी व्हिडिओ कॉलवर घड्याळ लावून आम्ही तसंच बसायचो.

निकाल छान लागला आणि खरा घोळ मी घातला. पर्यायांचा अर्ज भरायचा होता. मी एक्सेलमध्ये मागच्या वर्षीचे कटऑफ घालून उतरत्या क्रमाने यादी लावली. वर कॉम्प्युटर, तळाला सिव्हिल. आईवडील खूश, मी तर त्याहून. रात्री अकराला तिचा मेसेज आला : "मावशी, पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर तो घ्यावाच लागतो ना?" म्हटलं, हो. "मग तो तुझा आहे, माझा नाही."

त्यांच्या गावच्या वाटेवर नदीवर पूल बांधत होते. आठवीपासून ती एसटीच्या खिडकीतून त्याचे खांब मोजत होती. सहा महिने मी तिचे प्रश्न सोडवून घेत होते. तुला काय व्हायचंय, हे मात्र विचारलं नव्हतं. बाई, प्रश्न आधी पूर्ण वाचायचा, हे तुम्ही आम्हाला पाचवीपासून सांगत होतात.

वडिलांशी बोलायचं काम माझ्याकडे आलं. "तुम्ही स्वतः कॉम्प्युटरवाल्या, आणि आमच्या मुलीला सिमेंट-वाळूत पाठवता?" याला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. पगाराचं बघितलं तर त्यांचं म्हणणं खोटं नाही. शेवटी यादी तिनेच लावली, वडील शेजारी बसले. वर सरकारी कॉलेजांचं सिव्हिल, त्याखाली बाबांसाठी कॉम्प्युटर. पहिल्याच फेरीत पहिला पर्याय लागला. वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात सर्वेक्षणाच्या प्रॅक्टिकलचा फोटो आला : भर ऊन, तिपाई, डोक्याला ओढणी. खाली लिहिलं होतं, 'बाबांना दाखवू नकोस, काळी झाले म्हणतील.' मी नाही दाखवला. पण तिची आई आत्ता समोरून मला खुणावते आहे, की त्यांनी तो मोबाइलच्या स्क्रीनवर लावलाय.