नळी जड की हलकी?

रायफल निवडावयाची वेळ आली म्हणजे बहुतेक चर्चा काडतुसाची किंवा दुर्बिणीची होते. नळीच्या जाडीचा प्रश्न मागे राहतो, आणि दुकानात जी बंदूक अधिक भारदस्त दिसेल तिच्याकडे हात वळतो. वास्तविक नळीची जाडी हा शोभेचा विषय नव्हे. बंदूक घेऊन किती चालावयाचे आहे आणि एका बैठकीत किती बार काढावयाचे आहेत, या दोन प्रश्नांची उत्तरे तिच्यात दडलेली असतात.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. जुन्या शिकारकथांतून ‘जड रायफल’ हा शब्द वारंवार येतो. तेथील जडपणा काडतुसाचा व गोळीचा असतो. गवा, हत्ती अशा प्रचंड जनावरांसाठी ती बंदूक असे. प्रस्तुत प्रश्न निराळा आहे. काडतूस तेच, गोळी तीच. मग ती ज्या पोलादी नळीतून जावयाची, तिची भिंत जाड असावी की पातळ?

अमेरिकेतील विन्चेस्टर कारखान्याची ‘मॉडेल ७०’ ही रायफल १९३६ साली बाजारात आली. तिचा एक प्रकार खास नेमबाजांसाठी होता. त्याची नळी २८ इंच लांब व चांगलीच जाड असून बंदुकीचे वजन सुमारे ६ किलो भरे. पुढे १९५२ साली त्याच कारखान्याने त्याच यंत्ररचनेवर २२ इंची सडपातळ नळी बसवून ‘फेदरवेट’ म्हणजे पिसासारखी हलकी बंदूक काढली. तिचे वजन सुमारे ३ किलो होते. एकाच घराण्यातील या दोन बंदुका, एक दुसरीच्या दुप्पट वजनाची. दोन्ही खपल्या, कारण दोघींची कामे वेगळी होती.

बार उडताच नळी थरारते. तो थरकाप डोळ्यांना दिसत नाही, पण गोळी बाहेर पडण्याच्या क्षणी नळीचे तोंड केसभर हलले तरी दूरच्या निशाणावर त्याचा फरक उमटतो. सळईची जाडी दुप्पट केली तर तिचा वाकण्यास होणारा विरोध १६ पट वाढतो, आणि लांबी दुप्पट केली तर त्याच जोराखाली ती ८ पट वाकते. पोकळ नळीलाही साधारणपणे हाच हिशेब लागू पडतो. म्हणून जाड नळी ताठ राहते; आणि पातळ नळी करावयाची तर ती आखूड ठेवणे शहाणपणाचे ठरते. मात्र नळी आखूड झाली की गोळीचा वेग थोडा घटतो आणि बाराचा दणका कानाला अधिक लागतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. मोठ्या काडतुसाचे चारपाच बार लागोपाठ काढले की पातळ नळी हात ठेववणार नाही इतकी तापते. घडणीच्या वेळी पोलादात काही ताण उरले असतील तर ते आता डोके वर काढतात, नळी किंचित कलते आणि गोळ्या हळूहळू एका बाजूस सरकू लागतात. शिवाय तापलेल्या नळीवरून उठणारी हवा दुर्बिणीसमोर मृगजळ उभे करते. जाड नळीत पोलाद अधिक असल्याने ती उशिरा तापते. अर्थात एकदा तापली म्हणजे निवतेही उशिरा.

यावरून जाड नळी ती अचूक आणि पातळ ती चुकार, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होय. आतील पेच स्वच्छ कापलेले असतील, नळीचे तोंड निर्दोष असेल आणि दस्ता तिला कोठे दाबत नसेल, तर पातळ नळीही पहिल्या दोनतीन गोळ्या नेमक्या जागी टाकते. शिकाऱ्याला याहून अधिक लागत नाही.

डोंगरात हरणाच्या मागावर जाणारा स्कॉटलंडमधील किंवा आल्प्समधील शिकारी दिवसभर चढउतार करतो आणि संध्याकाळपर्यंत कदाचित एकच बार काढतो. त्याच्या खांद्यावरचा प्रत्येक अधिक किलो अखेरच्या चढावर धाप होऊन छातीत भरतो, आणि धापा टाकणाऱ्या माणसाचा नेम सर्वांत जाड नळीनेही सुधारत नाही. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ साली मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना ‘.२७५ रिग्बी’ ही हलकी रायफल भेट मिळाली. त्यांच्यापाशी जड दुनळी बंदूकही होती. तरी कुमाऊँच्या डोंगरांतील पायपिटीत ही हलकी रायफल त्यांची आवडती सोबतीण ठरली.

हलकेपणाची किंमतही मोजावी लागते. बंदूक जितकी हलकी तितका तिचा धक्का खांद्याला अधिक. धक्क्याची धास्ती बसली की चाप दाबण्यापूर्वीच माणूस दचकतो. निशाणावर असे झाले तर दोन गुण जातात. रानात झाले तर पोटात गोळी घेऊन एक जीव झाडीत शिरतो आणि तडफडत मरतो. म्हणून शिकारीच्या बंदुकीची खरी परीक्षा गार नळीच्या पहिल्या गोळीने करावी. एका दिवशी एकच बार काढावा, असे अनेक दिवस करावे आणि त्या सर्व गोळ्या एकाच कागदावर कोठे बसतात ते पाहावे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकारीचे दिवस संपले, हे उचितच झाले. पण जेथे ती कायदेशीर आहे, तेथे ही परीक्षा टाळणाऱ्याने रानात पाऊल ठेवू नये.

नेमबाजाचा हिशेब उलटा. त्याला चालावयाचे नसते. साठावी गोळी पहिलीसारखीच मारावयाची असते. ३०० मीटरच्या स्पर्धेत मोठे काडतूस वापरतात, तेथे जाड नळी तापण्यापासून राखण करते. ५० मीटरच्या स्पर्धेत काडतूस इवलेसे असते, त्यामुळे उष्णतेचा त्रास फारसा नसतो. तेथे वजनाचा उपयोग स्थैर्यासाठी होतो. निशाणावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर रुंद असते. जड वस्तू सहज हलत नाही. नाडीचा ठोका, श्वासाची लहर, वाऱ्याची झुळूक यांना ती चटकन दाद देत नाही. नियमाने ८ किलोपर्यंतची रायफल चालते.

याच खेळात कोल्हापूरने मराठी माणसाची मान उंचावली आहे. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. असे यश पाहून अनेक घरांत मुलाबाळांच्या हाती रायफल येते, आणि येथेच पालकांनी सावध असावे. विजेत्याची जड बंदूक पाहून तशीच बारा वर्षांच्या मुलीच्या हाती देणे हिताचे नाही. तिचा भार पेलण्यासाठी कंबर मागे झुकते, पाठ दुखू लागते आणि वाकडी ढब अंगवळणी पडते. उभ्याने मारताना नळीचा भार पुढे ओढतो, हे विसरू नये. अंगात बळ वाढेल तसे वजन वाढवावे.

बर्फावर धावून मध्येच नेम मारण्याचा बायॅथलॉन हा खेळ या वादातील मध्यममार्ग दाखवतो. तेथे रायफल पाठीवर वाहावयाची असते, म्हणून खेळाडू ती हलकी राखतो. पण ती ३.५ किलोहून कमी असू नये, असा नियम आहे. हल्ली नळीवर उभ्या खाचा पाडून, किंवा पातळ पोलादी नळीभोवती कार्बनच्या धाग्यांचे वेष्टन देऊन, ताठपणा व हलकेपणा एकत्र आणण्याचा प्रयत्नही होतो. त्याने तडजोड सोपी होते, पण निवड टळत नाही.

शिकाऱ्याची जबाबदारी पहिल्या गोळीची, नेमबाजाची अखेरच्या गोळीची. आपल्यावर यांपैकी कोणती जबाबदारी आहे हे ज्याने आधी ओळखले, त्याला नळीची जाडी ठरविणे जड जाणार नाही.