एका वर्गातील मित्र



१९५८ साली औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्यापूर्वी पदवीसाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहावे लागे. पुढे गोदाकाठच्या शहागडसारख्या गावांतील व्यापाऱ्यांची मुलेही बी.कॉम. होऊ लागली. एका बाकावरचे मित्र पांगले. कोणी सनदी लेखापाल होऊन पुण्यास स्थिरावला, कोणी जालन्यात बियाण्यांच्या व्यवसायात शिरला, कोणी वडिलांची गादी सांभाळली.

पूर्वी ‘घरचे दुकान आहे’ एवढे शब्द सोयरिकीस पुरत. आज तेच अडचणीचे ठरतात. पदवीधर कन्येस शहर हवे असते. यात तिचा दोष तो कोणता? तिच्या पित्यानेही त्यासाठीच गाव सोडले! इकडे गादीवरील मित्राच्या सुपुत्राचा परिचय मात्र दरवर्षी वधू-वर पुस्तिकेत छापला जातो.

सोलापूर-धुळे महामार्गाने विहार करणारे साधू-साध्वी गावी मुक्कामास आले, की गोचरीची काळजी हाच मित्र वाहतो. पुण्याहून देणगी येते, संगमरवरावर नावही कोरले जाते. परंतु पहाटे पाणी उकळण्यास कोणी येत नाही. त्या मित्राच्या घरी सून यावी, याचा विचार पुण्यातील वर्गमित्रांनी स्वतःच्या कन्येपासून आरंभावा, अशी विनंती आहे.