सोन्यापर्यंतची वाट



घाटकोपरच्या तुमच्या शाळेत मला बोलावलंत, आभार. मी मूळचा विट्याकडचा, गलाईवाल्याचा मुलगा. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळाने आमची माणसं मूस आणि भाता घेऊन देशभर पांगली. कुठल्याही मोठ्या सराफ बाजारात जा, जुनं सोनं गाळणारा आमच्याकडचा कोणीतरी भेटतो.

लहानपणी वडिलांचं एक काम मला उमगत नसे. सोन्यातली चांदी काढायची, तर ते आधी त्यात आणखी चांदी घालायचे! कारण पुढे कळलं. सोनं जास्त असलं की तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल, आतल्या चांदीपर्यंत पोचतच नाही. सोनं चौथाईवर आणलं की तेजाबाला वाट मिळते. चांदी विरघळते, तळाला तपकिरी सोनं उरतं.

धातुशास्त्र शिकायला लागलो तेव्हा खाणीतही हीच अडचण भेटली, इथे मात्र कोंडलेलं असतं सोनं. १८८७ मध्ये सायनाइडने सोनं विरघळवायची रीत निघाली आणि टनामागे काही ग्रॅम सोनं असलेला दगडही परवडू लागला. पण काही दगडांत सोन्याचे अतिसूक्ष्म कण लोह, गंधक आणि आर्सेनिकच्या खनिजात बंद असतात. दगड पिठासारखा दळला तरी सायनाइड तिथे शिरत नाही. मग तो भट्टीत भाजायचा. सोनं मोकळं होतं, आणि गंधकाचा, आर्सेनिकचा विषारी धूरही.

धूर म्हटलं की मला वडिलांचा खोकला ऐकू येतो. तेजाबाच्या तांबूस वाफा त्यांनी एका खिडकीच्या खोलीत तीस वर्षं छातीत घेतल्या. म्हणून १९८६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या फेअरव्ह्यू खाणीत जे सुरू झालं, त्याचं मला फार मोल वाटतं. तिथे भट्टीचं काम जिवाणूंवर सोपवलं. लोह आणि गंधकावर जगणारे हे जीव आम्लाच्या टाकीत, हवा मिळत राहिली की, चार-पाच दिवसांत खनिज पोखरतात. भाजण्याचा धूर नाही. पुढे सायनाइड लागतंच, आर्सेनिकचा गाळही सांभाळावा लागतो. तेवढं काम तुमच्यासाठी शिल्लक आहे.

वडिलांची शेवटची मूस तुमच्या प्रयोगशाळेसाठी आणली आहे. आतल्या टाकणखाराच्या काचेसारख्या थरात सोन्याचे कण अडकलेले आहेत. जुन्या मुशी कुटून तेही काढायची आमच्यात पद्धत आहे. ही मात्र कुटू नका. भिंगाखाली धरून बघा.