सहावीचं पुस्तक आणि गोरोबाकाकांचं तेर



संध्याकाळी आपण भाकरी थापत असतो आणि शेजारी बसून लेकरू सहावीचं इतिहासाचं पुस्तक मोठ्यानं वाचत असतं. हडप्पा, महाजनपदे, मौर्य, सातवाहन, सगळं एका दमात. आमच्या गटातल्या एकीच्या मुलीनं मधेच विचारलं, "आई, हे सगळं झालं कुठं?" आई म्हणाली, "असंल लांब कुठंतरी."

गटाच्या बैठकीत ही गोष्ट निघाली. आधी हसलो, मग गप्प झालो. कारण आम्हालाही तेच वाटत होतं. आमच्यातल्या बऱ्याच जणींची शाळा चौथी-पाचवीत सुटली. पुस्तकातलं काही आपल्या शिवाराचं असेल, हे कधी मनातच आलं नाही.

गावातल्या निवृत्त गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "लांब कशाला? तेरला जाऊन या." तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव. दर्शनाला आम्ही कितीदा गेलेलो. पण गोरोबाकाकांच्याही हजार-बाराशे वर्षं आधी तिथं मोठी बाजारपेठ होती, तिचं नाव तगर, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

जाण्याआधी गुरुजींनी चार शनिवार लेकरांना आमच्याच ओसरीवर बसवलं. पुस्तक उघडायचं नाही, असं सांगितलं. जुन्या काळी विद्या आधी कानावर पडायची. ऐकायचं, मागून म्हणायचं, पाठ करायचं आणि मग प्रश्न विचारायचा. तसंच केलं. त्यांनी गोष्ट सांगितली ती अशी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्यानं समुद्रमार्गांची माहिती लिहून ठेवली. तिचं नाव 'पेरिप्लस'. त्यात आपलं पैठण आहे आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे. तगरहून कापड गाड्यांत भरून, खडतर वाटेनं भडोचच्या बंदरात जायचं आणि तिथून जहाजानं परदेशी.

लेकरांनी पाठ केलं. मग एका पोरीनं विचारलं, "त्या कापडाचं सूत कुणी कातलं?" गुरुजी म्हणाले, "त्या बायांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात विधवा आणि निराधार बायांकडून सूत कातून घ्यावं, त्याची मजुरी द्यावी, असे नियम आहेत." बैठकीत मजुरीचा विषय निघाला की आम्ही सगळ्या बोलतो. त्या दिवशी इतिहासावर बोललो.

मग जीप करून तेरला गेलो. तिथलं संग्रहालय गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंतून उभं राहिलं. भाजलेल्या मातीची चित्रं, मणी, खापरं, नाणी. आमच्यातली एक जण नाण्यांच्या काचेसमोर थांबली ती हलेचना. सातवाहनांची शिशाची नाणी होती. तिच्या शेतात नांगरताना तशाच चकत्या सापडल्या होत्या. तिनं त्या भंगारवाल्याला वजनावर दिल्या. परत येताना ती एवढंच म्हणाली, "एका माणसानं जपलं, आणि मी विकलं."

तिला कुणी नावं ठेवली नाहीत. आपल्यापैकी कुणालाही ते माहीत नव्हतं. म्हणूनच आज रेडिओवर सांगतोय. शेतात, विहीर खोदताना जुनं नाणं, मूर्ती, ताम्रपट सापडला तर तो घासू नका, वितळवू नका, विकू नका. तलाठ्याला किंवा तहसीलला कळवा. कायदाही तेच सांगतो.

आता तुमच्या जवळचं सांगतो. वाशीमला सापडलेल्या वाकाटक राजाच्या ताम्रपटात 'नांदीकड' हे नाव आहे. ते म्हणजे आपलं नांदेड, सोळाशे वर्षांपूर्वीचं. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूर' नगरीचे स्वामी म्हणवून घेत. ते लट्टलूर म्हणजे लातूर, असं बरेच अभ्यासक मानतात. वेरूळचं कैलास लेणं याच घराण्यानं कोरवलं. कंधारला त्यांच्या काळाच्या खुणा आहेत, देगलूरजवळ होट्टलला चालुक्यांच्या काळातली देवळं आहेत, औशाजवळ खरोशाला लेणी आहेत.

आणि मैत्रिणींनो, ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ती किती जुनी हे दाखवताना हाल सातवाहनाच्या 'गाथासप्तशती'चा आधार दिला गेला. महाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे सातशे गाथा. त्यांत गोदावरी आहे, शेत आहे, सासुरवाशीण आहे. गुरुजींनी एक गाथा मुळातून म्हणून दाखवली, अर्थ सांगितला, आणि आमच्यातली एक आजी म्हणाली, "हे तर आमच्या जात्यावरच्या ओवीसारखंच की!" लेकरांनी त्याच दिवशी आजीकडून दोन ओव्या वहीत उतरवल्या.

आम्हाला वाचता फार येत नाही, पण ऐकवता येतं. पाठ करून घेता येतं. लेकराला हाताला धरून गावच्या जुन्या देवळापाशी नेता येतं. एवढं तुमच्या गटालाही जमेल. महिन्यातून एक शनिवार पुरे.

तीच पोर परवा धाकट्या भावाला शिकवत होती. त्यानं विचारलं, "हे कुठं झालं?" ती म्हणाली, "इथंच. चल, दाखवते."

पुढच्या शनिवारी आमची लेकरं खरोशाला चाललीत. भाकऱ्या आम्हीच बांधून देणार, आणि सोबतही जाणार.