राज्यशास्त्र शिकून मुलगी काय करणार?

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी कॉलेजच्या विषयावर बोलावयास उभी राहिले याचे कुणाला हसू येईल. पण माझ्या मुलीने बी. ए.ला राज्यशास्त्र घेतले, तेव्हापासून तिची पुस्तके घरात आहेत, आणि दुपारचे आवरले की मी ती वाचते. मराठीतूनच आहेत. शब्द जड, पण दोनदा वाचले की उमगते.

तिने हा विषय घेतला तेव्हा आळीतल्या बायकांनी विचारले, "म्हणजे पुढारी व्हायचंय का तिला?" कुणी म्हणाल्या, सोपा विषय आहे, गाईड वाचून पास होता येते, लग्न ठरेपर्यंत वेळ जाईल. आपल्या घराशी या विषयाचा काही संबंध असेल, असे कुणालाच वाटले नाही.

या शास्त्राचा आरंभच मुळी घरापासून आहे. ॲरिस्टॉटल नावाच्या ग्रीक पंडिताने सुमारे २३०० वर्षांपूर्वी राज्यावर ग्रंथ लिहिला. अनेक घरांचे गाव, अनेक गावांचे नगरराज्य, असे तो पहिल्याच भागात सांगतो. मात्र बाईला विचारशक्ती आहे पण तिला अधिकार नाही, असेही त्यानेच लिहून ठेवले! मला रागच आला. मुलगी म्हणाली, "आई, पुढे वाच." पुढे १७९२ साली मेरी वुल्स्टनक्राफ्ट या इंग्रज बाईने पुस्तक लिहून रूसोसारख्या थोर विचारवंताला स्त्रीशिक्षणावरून चांगले खडसावले आहे. आपल्या कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर करवसुली आणि हेरांच्या जोडीला स्त्रीधनाचेही नियम आहेत.

पण माझ्या मनाला लागली ती आपल्याच देशातली हकीगत. १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. तेव्हा देशात सुमारे ८ कोटी स्त्री मतदार होत्या. त्यांपैकी जवळजवळ २८ लाख बायकांची नावे यादीतून गाळावी लागली. कारण काय, तर नाव विचारल्यावर त्यांनी 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले. या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान या भागांतल्या. स्वतःचे नाव सांगितल्याशिवाय नोंद नाही, असे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवले. २८ लाख मते गेली, पण पुढे बायका आपले नाव सांगू लागल्या. कठोर वाटले तरी मला ते पटते. आपल्या मंडळाच्या पावतीपुस्तकात अजून कितीतरी वर्गण्या नुसत्या 'सौ.' आणि आडनाव यांवर आहेत, हे खजिनदारबाईंनी पहावे.

पुढे १९९२ साली ७३वी घटनादुरुस्ती झाली. ती २४ एप्रिल १९९३ पासून अंमलात आली आणि पंचायतींत एकतृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. पण खुर्चीवर बाई आणि कारभार तिच्या यजमानांचा, हे आपण पाहतोच की! ग्रामसभा कशाला म्हणतात, अंदाजपत्रक कसे वाचतात, ठराव कुणी मांडावा, हे त्या बाईला कुणी शिकवलेलेच नसते. २०२३ साली लोकसभा व विधानसभांत एकतृतीयांश जागांचा कायदा झाला. जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर तो लागू होईल, असे तेव्हा ठरले. फेररचना म्हणजे काय, ते मला मुलीने ताटे मांडता मांडता समजावले.

आता पोटाचा प्रश्न. तो खोटा नाही. पदवी हातात पडताच नोकरी देईल असा हा विषय नव्हे. बी. एड. करून शाळेत शिकवता येते. पदवीनंतर तीन वर्षांची वकिली आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला हा विषय ऐच्छिक घेता येतो. मात्र गाईडवर पास झालेल्या मुलीला यातले काहीच साधणार नाही. मग दोष विषयाला देऊ नये.

तिची पहिल्या वर्षाची पुस्तके मी मंडळाच्या कपाटात ठेवली आहेत. ज्यांच्या मुलींना यंदा विषय निवडायचे आहेत, त्यांनी आधी स्वतः चार पाने वाचून पहावीत. सोबत संविधानाची मराठी प्रत आहे. तिची पाने पातळ आहेत, तेवढी जपून उलटावीत.