ढगांचं चित्र वाचताना

उन्हाळ कांदा काढून पातीसकट वावरात पडलेला असतो आणि नेमकं तेव्हाच आभाळ भरून येतं. मोबाइलवर लाल-पिवळ्या ढगांची चित्रं फिरू लागतात. ती वाचायची कशी, ते आज सांगतो.

१९६० साली टायरॉस-१ या उपग्रहानं वरून ढग टिपले, पण तो फिरत पुढं निघून जाई. आपल्यावर कायमची नजर आली ती १९८३च्या इन्सॅट-१बीमुळं. सुमारे ३६ हजार किलोमीटरवरून तो पृथ्वीच्याच गतीनं फिरे, म्हणून भारत सतत त्याच्यासमोर राही. त्याआधी भर समुद्रातलं वादळ कळायचं ते मुख्यतः जहाजांच्या निरोपांवरून. २०१३च्या इन्सॅट-३डीनं हवेच्या थराथरांतलं तापमान आणि बाष्पही मोजायला घेतलं. हे आकडे संगणकाच्या गणितात जातात. माझ्या मते खरी प्रगती चित्रांपेक्षा या आकड्यांत आहे. जून २०२०मध्ये निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ धडकलं, त्याआधीच अंदाज मिळाल्यानं किनाऱ्यावरची माणसं हलवता आली.

मात्र उपग्रहाला दिसतो तो ढगाचा माथा. अवरक्त, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या, चित्रात माथा जितका थंड, तितका ढग उंच. गारपिटीचा ढग असाच दिसतो. पण फार उंचावरचे पिंजलेले ढगही थंडच असतात आणि त्यांतून आपल्याकडं थेंबही पोचत नाही. म्हणून एका चित्रावर निर्णय घेऊ नका. चित्रावरची वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असते. तिच्यात साडेपाच तास मिळवा. पुष्कळदा कालचंच चित्र फिरत असतं.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. 'मेघदूत' ॲपही पाहा. घाटघर-रतनवाडीला धो धो आणि जामखेडला कोरडं, असा आपला जिल्हा. तेव्हा शक्यतो तालुक्याचा अंदाज बघा. फवारणी आणि काढणीचे मजूर पाच दिवसांच्या अंदाजावर ठरवा. कांदा उघड्यावर असेल, तर हवामान खात्याचा तीन तासांचा इशारा बघत राहा आणि ताडपत्री आधीच बांधावर आणून ठेवा.

विजेसाठी 'दामिनी' ॲप आहे. ते जमिनीवर बसवलेल्या यंत्रांच्या नोंदींवर चालतं. कडाडायला लागलं की झाडाखाली थांबू नका. कांदा राहू द्या, आधी पक्क्या घरात जा.